तोंडात मोजा घेऊन

रात्री तीनला नाप्पी सुरू करतो.
आधी घशातच, कुणी जड कपाट सरकवावं तसं,
मग तोंड उघडून, पुरतं,
जिन्याच्या पाचही मजल्यांना जाग येईल असं.
तोंडात माझा लोकरी मोजा असतो. डावा. नेहमी डावाच.
त्यामुळे हाक जरा बोबडी येते.

सहा वर्षांपूर्वी कागदावर सही मीच केली होती.
एप्रिल होता, आउरा नदीतला शेवटचा बर्फ फुटून वाहून गेलेला,
मांडीवर टोपली, टोपलीत तो,
आणि तुर्कूची बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळणारी.
परतला तो गुंगीत, दारुड्यासारखा भिंतीला टेकत.
राइली म्हणाली, "आता निवेल. माज उतरेल."
उतरला. सहा वर्षं तो खिडकीत
पावासारखा फुगून बसला.

आणि यंदा हे.

डॉक्टर सारेलाबाईंनी सगळं पाहिलं.
थायरॉइड, मूत्रपिंडं, दात,
रक्तदाबसुद्धा, शेपटीला इवलासा पट्टा बांधून.
आत चुकून काही राहून गेलंय का, तेही.
काही राहिलेलं नाही.
"मग ओरडतो कशाला?" राइलीनं विचारलं.
बाई हातमोजे काढत म्हणाल्या,
"आसपास कुणी मांजरी आणलीय का? शिवाय उजेड वाढलाय.
कधीकधी देहाला निरोप पोचतच नाही."
मी भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत होतो.

कारण दर तीन महिन्यांनी मीही सही करतो.
इस्पितळाचा दुसरा मजला, पोटाच्या कातडीखाली सुई.
गाठीला उपाशी मारायचं तर तिचा खुराक तोडायचा,
असं त्या पोरसवदा डॉक्टरनं समजावलं,
आणि खुराक म्हणजे काय, हे सांगताना
तो माझ्याऐवजी कॅलेंडरशी बोलला.
मी बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत चौतीस वर्षं काढली.
इंधन तोडलं की काय होतं, मला कळतं.
तसंच झालं. दाढी मंदावली, छाती मऊ पडली,
बातम्या बघताना रडू यायला लागलं,
हवामानाच्या बातम्यांनासुद्धा.
फक्त रात्री तीनला
पाठीतून वाफ चढते
आणि मी भिजून उठून बसतो,
कुठे निघालो होतो ते काही केल्या आठवत नाही.

काल दाराखालून चिठ्ठी आली.
तळमजल्यावरच्या हेल्लेवीबाईंची, रेघांच्या कागदावर, अगदी सभ्य:
"रात्रीचा आवाज मांजराचा असेल तर माझी हरकत नाही.
माणसाचा असेल तर कॉफीला या."
राइली हसली. किती महिन्यांनी.
"मी कुठे आवाज करतो?" मी म्हणालो.
तिनं चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली.
"करतोस," ती म्हणाली. "तो थांबला की."

आज तीनला मीच आधी जागा होतो.
पडद्याच्या फटीतून ताकासारखा पातळ उजेड,
मे महिन्यात इथे अंधार नीट लागतच नाही.
नाप्पी आला, मोजा माझ्या पायाशी ठेवला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसा एखादा खलाशी नकाशाकडे पाहतो,
जो त्यानं काढलेला नाही पण वापरायचा आहे.
मला सुचेना. मी उजवा मोजा शोधून आणला,
त्याच्या शेजारी टाकला.
त्यानं हुंगला. पटला नाही.
डावाच उचलून तो जिन्याच्या दाराकडे निघाला,
कपाट सरकवत,
आणि मी मागून, अनवाणी, एक हात भिंतीला.

आतून राइलीनं विचारलं, "कोण रे ते?"

"आम्ही," मी म्हणालो.